महात्मा जोतीराव फुले आणि लग्नविधीची सुधारणा

आपल्या माळी समाजात असे घर क्वचितच आढळेल की ज्याच्या भिंतीवर महात्मा जोतीराव फुले यांची तसबीर नाही. पुण्याच्या भिडेवाड्यात त्यांनी काढलेली मुलींची शाळा, सावित्रीबाईंनी सोसलेला छळ, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, या हकीकती लहान मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या चरित्राचे एक अंग असे आहे की, ज्याचा आमच्या प्रत्येकाच्या घराशी अगदी निकटचा संबंध असूनही त्याचा उल्लेख आम्ही ओझरताच करतो. ते अंग म्हणजे लग्न. जोतीरावांच्या आयुष्यातील मोठमोठी वळणे कोणत्या ना कोणत्या लग्नाच्या मांडवापाशी येऊन मिळतात, असे आम्हांस त्यांचे चरित्र वाचताना वारंवार जाणवले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र याच धाग्याने गुंफून वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे कुटुंब पुण्यास आले आणि पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले हेच आडनाव रूढ झाले. वडील गोविंदराव व आई चिमणाबाई. जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला आणि ते वर्षाचेही झाले नव्हते तोच आईचे छत्र हरपले. मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढविले. पंतोजींच्या शाळेत आरंभ, मध्यंतरी शिक्षणाला खंड, पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत प्रवेश, असा त्यांच्या विद्याभ्यासाचा क्रम होता.

१८४० साली जोतीरावांचे लग्न झाले. वर तेरा वर्षांचा आणि वधू नऊ वर्षांची. वधू म्हणजे नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्री. त्या काळी यात वावगे असे कोणासच वाटत नव्हते. सुपारी फुटली, याद्या झाल्या, बस्ता बांधला, हळद लागली, देवक बसले, अंतरपाट धरला गेला आणि दोन बालजीव जन्माचे बांधले गेले, ही त्या काळची घरोघरची रीत होती. मुहूर्त काढावयाचा तो ग्रामजोशाने, मंगलाष्टके म्हणावयाची ती त्यानेच, आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या वधूवरांना त्या संस्कृत वचनांतील एका अक्षराचाही बोध होत नसे. आयुष्यातील सर्वांत मोठे वचन द्यावयाचे आणि आपण काय वचन दिले हे देणाऱ्यालाच ठाऊक नसावे, यातील विसंगती जोतीरावांच्या ध्यानी येण्यास अजून पुष्कळ अवकाश होता.

ती जाणीव होण्यास कारण झाले दुसरे एक लग्न. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राने जोतीरावांना आपल्या लग्नाचे अगत्याने निमंत्रण दिले. मित्रप्रेमाने ते गेले आणि वरातीत इतरांबरोबर चालू लागले. इतक्यात वरातीतील कोणीतरी त्यांना ओळखले आणि शूद्र असून ब्राह्मणांच्या बरोबरीने चालतो म्हणून सर्वांदेखत त्यांचा पाणउतारा केला. वाजंत्री वाजत राहिली, वरात पुढे गेली आणि एकवीस वर्षांचा हा तरुण अपमानाने पोळलेल्या मनाने घरी परतला. गोविंदरावांनी पेशवाई पाहिलेली होती. अशा अपराधाला पूर्वी याहून कितीतरी भयंकर शिक्षा मिळाली असती, तेव्हा थोडक्यात निभावले यात समाधान मानावे, अशी त्यांनी मुलाची समजूत घातली. परंतु वडिलांची ही समजूतच जोतीरावांना अपमानाहून अधिक बोचली असावी, असे आम्हांस वाटते. लग्नासारख्या आनंदाच्या प्रसंगीही मनुष्याची प्रतवारी होते, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या अनुभवाने जाणले.

त्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. स्वतः शिकविलेल्या सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना विद्या देणे हा धर्मलोप होय, अशी ओरड झाली. लोकांच्या दडपणापुढे गोविंदरावांचा निरुपाय झाला आणि १८४९ साली पतिपत्नींना घराबाहेर पडावे लागले. नवव्या वर्षी न कळत्या मंत्रांनी बांधले गेलेले ते नाते येथे खऱ्या अर्थाने कसोटीस लागले व उतरले. पुढे १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात समारंभ करून जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे.

शाळांच्या पाठोपाठ त्यांचे लक्ष गेले ते विवाहसंस्थेच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे वैधव्याकडे. बालपणी लग्न झालेल्या उच्चवर्णीय मुलींच्या कपाळी बालपणीच वैधव्य येई. त्यांस पुनर्विवाह नाही. पाऊल वाकडे पडले तर एकतर जीव द्यावा, नाहीतर अर्भकाचा घ्यावा. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेस अशाच प्रसंगी अर्भकाच्या हत्येबद्दल जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानास जावे लागले. त्या घटनेने व्यथित होऊन १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घराशेजारीच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले आणि तेथे गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, अशा जाहिराती लावल्या. १८८४ पर्यंत अशा ३५ स्त्रिया तेथे येऊन बाळंत झाल्याचे जोतीरावांनी नमूद करून ठेविले आहे. १८६४ साली पुण्यात शेणवी ज्ञातीतील एका विधवेचा पुनर्विवाह त्यांनी घडवून आणला. पुढे काशीबाई याच नावाच्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला या गृहात झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत होय. स्वतःस संतान नाही म्हणून दुसरी बायको करावी, असा आग्रह त्यांना झाला होता. त्या काळी ती गोष्ट निंद्यही नव्हती. पण जोतीरावांनी ती मानली नाही. मूल होत नाही म्हणून पुरुषाने सवत आणावी, तर त्याच न्यायाने स्त्रीने काय करावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता.

येथे जोतीरावांच्या व्यवसायाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण त्याचा पुढील कथाभागाशी संबंध पोहोचतो. जोतीराव केवळ उपदेशक नव्हते. ते कंत्राटदार होते. पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांचा व्यवहार चाले. धातू ओतण्याचे साचे ते विकीत. खडकवासल्याच्या धरणास लागणारा माल पुरविण्याशी आणि कात्रजच्या बोगद्याशी त्यांचा संबंध होता. माणसे किती लागतील, सामान केव्हा यावे, पैसा कोठे खर्च व्हावा व कोठे वाचवावा, याचा हिशेब ज्याच्या बोटांवर आहे असा तो गृहस्थ होता. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. एखादे कार्य सिद्धीस न्यावयाचे तर नुसती तळमळ पुरत नाही, त्यास नीट आखणी लागते, हे त्यांस पक्के ठाऊक होते. लग्नविधीच्या सुधारणेतही त्यांनी हीच व्यवहारदृष्टी वापरली.

त्या वेळची लग्नाची व्यवस्था कशी होती ते पाहू. शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत, किंबहुना जन्माच्या आधीपासून व मरणाच्या नंतरही, प्रत्येक प्रसंगी दक्षिणा द्यावी लागे. शेतकऱ्याचा असूड या १८८३ साली पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात जोतीरावांनी या प्रसंगांची मालिका तपशीलवार दिली आहे. ग्रामजोशाचे काम वतनी होते. यजमानाने त्यास बोलाविले नाही, तरी हक्काची दक्षिणा त्यास मिळाली पाहिजे, असा दावा केला जाई आणि न्यायालये तो ऐकूनही घेत. म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच्या मुलीचे लग्न कोणी लावावे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य नव्हते. केवळ लग्नाच्या खर्चानेच शेतकरी बुडाला असे मात्र जोतीरावांचे मत नव्हते. सरकारी सारा, कामगारांची लाचखाऊ वृत्ती, सावकार आणि कोर्टकचेऱ्या यांवरही त्यांचा असूड तितक्याच जोराने पडला. लग्नविधीत त्यांना मुख्यतः खटकली ती मनाची गुलामी. पैशाचा प्रश्न तिच्या मागून येणारा होता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निर्मिक आणि त्याची लेकरे यांच्यामध्ये दलालाची गरज नाही, हे या समाजाचे सूत्र. परंतु सूत्र सांगणे निराळे आणि मांडव घालून ते आचरणे निराळे. अवघ्या तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, या समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. वराचे नाव सीताराम जबाजी आल्हाट व वधूचे राधा. भटजी नाहीत, हुंडा नाही, मानपानाची रुसवाफुगवी नाही. खर्च म्हणावा तर पानसुपारीपुरता. सावित्रीबाईंनी या कार्यात पुढाकार घेतला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १८७४ च्या मे महिन्यात, ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचे लग्न याच पद्धतीने झाले. विरोधकांनी तेथे विघ्न आणण्याचा घाट घातला होता. परंतु जोतीरावांनी अगोदरच बंदोबस्ताची तजवीज करून ठेविली होती. आज हे वाचताना सोपे वाटते. त्या वधूपित्यांच्या जागी क्षणभर स्वतःस कल्पून पाहिले म्हणजे त्यातील धैर्य कळते. ज्ञातीने वाळीत टाकले तर धाकट्या मुलींची लग्ने कोठे व्हावीत? विधी अपुरा राहिला म्हणून संसाराचे अकल्याण झाले असे उद्या कोणी म्हटले तर? असल्या भयाचा डोंगर त्या साध्यासुध्या माणसांनी पार केला. जोतीरावांचे चरित्र सांगताना या अल्पशिक्षित वऱ्हाडी मंडळींना विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

भय केवळ मनातले नव्हते. १८८४ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्नकार्य ब्राह्मण पुरोहितावाचून केले, तेव्हा गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून त्यांना कोर्टात खेचले. जोतीराव या लोकांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना कळून चुकले होते की, जुना विधी नको एवढे म्हणून भागत नाही. मांडवात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती दुसरा विधी दिला पाहिजे. म्हणून १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधीची एक छोटी पुस्तिका सिद्ध करून छापली. कोणत्या प्रसंगी काय करावे, कोणी काय म्हणावे, याची मांडणी तीत सोप्या मराठीत आहे. कोणाही साक्षर माणसाने ती हाती घ्यावी आणि कार्य उरकावे, अशी योजना.

त्या मंगलाष्टकांचे स्वरूप आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. जुन्या पद्धतीत वधूवर मुके असत आणि तिसराच बोलत असे. जोतीरावांनी वधूवरांनाच बोलते केले. वर आपला शब्द देतो, वधू आपला शब्द देते. एवढेच नव्हे, तर वधू वराजवळ मागणे मागते. आणि ते दागिन्यांचे किंवा शालूचे नसून स्त्रियांच्या स्वातंत्र्याचे व मानवी हक्काचे आहे. वराने सर्वांसमक्ष तो हक्क मान्य करावयाचा आणि त्यासाठी झटण्याची शपथ घ्यावयाची. त्यानंतर सर्वांचे आशीर्वाद. ज्या काळी नवऱ्यासमोर बायकोने चारचौघांत बोलणे हाच उद्धटपणा गणला जाई, त्या काळी हे लिहिले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे लेखकाच्या द्रष्टेपणाने मन थक्क होते.

बालविवाहासंबंधीही त्यांनी असेच निश्चित मत दिले. मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर काढलेल्या टिपणांच्या संबंधात १८८४ च्या डिसेंबरात जोतीरावांनी आपले म्हणणे सरकारला कळविले. एकोणीस वर्षांखालील मुलाचे व अकरा वर्षांखालील मुलीचे लग्न होऊ देऊ नये, अशी त्यांची सूचना होती. आजच्या दृष्टीने अकरा हे वय फारच थोडे. परंतु स्वतः नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न झालेल्या माणसाने, पाळण्यात लग्ने लागत त्या काळात ही मर्यादा मागितली होती, हे विसरून चालणार नाही. पुढे १९२९ साली कायद्याने मुलीचे वय चौदा केले आणि आज ते अठरा आहे.

जोतीरावांच्या घरचे शेवटचे लग्न म्हणजे यशवंताचे. जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. तत्पूर्वी दोनच महिने मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली होती. उजवा हात गेला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिणे आरंभिले. अशा स्थितीत ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न झाले. वधू होती राधा, त्याच ज्ञानोबा ससाणे यांची कन्या. ज्या मनुष्याने पंधरा वर्षांपूर्वी विघ्नांची पर्वा न करता सत्यशोधक पद्धतीने लग्न केले, त्याने आपली मुलगी एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या, कुळगोत्र विचारले असता ज्यास उत्तर नव्हते अशा मुलास दिली. आमच्या मते ज्ञानोबांचे हे कृत्य पहिल्याहून मोठे आहे. स्वतःचे लग्न नव्या रीतीने करणारे पुष्कळ असतात. मुलीच्या वेळी मात्र भल्याभल्यांचे पाऊल मागे सरते. लग्नापूर्वी सावित्रीबाईंनी सुनेस आपल्या घरी आणून ठेविले होते, म्हणजे तिला घराची आणि घराला तिची ओळख व्हावी. त्या काळातील सासूच्या ठायी एवढा विचार विरळाच.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेविला. दत्तक मुलाच्या अधिकाराबद्दल भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा टिटवे हाती धरून सावित्रीबाई स्वतः अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. पुढे यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनीही प्राण वेचले.

जोतीरावांनी लाविलेले हे रोप त्यांच्या मागे वाळले नाही. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी या चळवळीस आश्रय दिला आणि ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्याची सोय झाली. भास्करराव जाधव यांनी घरच्या घरी विधी करता यावेत म्हणून घरचा पुरोहित हे पुस्तक लिहिले. न बोलाविलेल्या पुरोहितासही दक्षिणा देण्याचे बंधन दूर करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२६ साली झाला; त्यासाठी सी. के. बोले यांनी परिश्रम घेतले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही वधूवरांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे झालेला विधी ग्राह्य मानला. ज्यासाठी ओतूरच्या पाटलांना कोर्टाची पायरी चढावी लागली, ते स्वातंत्र्य आज आपणांस आयते मिळाले आहे.

या स्वातंत्र्याचे आपण काय केले, हा प्रश्न आता विचारणे प्राप्त आहे. आणि तो इतरांस न विचारता आम्ही स्वतःसच विचारतो. आपल्या लग्नांत आज दोन-दोन दिवसांचे समारंभ होतात. कार्याची सर्व आखणी धंदेवाईक व्यवस्थापकांकडे सोपविली जाते. मांडवाच्या प्रवेशद्वारी महात्म्यांच्या प्रतिमेस हार घातला जातो, आणि आत ज्या वधूपित्याने कर्ज काढले आहे तो घाम पुसत हात जोडून उभा असतो. दक्षिणा घेणारा जोशी गेला. परंतु लोक काय म्हणतील हा नवा जोशी त्याच्या जागी येऊन बसला, आणि त्याची दक्षिणा पहिल्याहून कितीतरी जबर आहे. ज्या ठिकाणी सत्यशोधक पद्धतीने विधी होतो, तेथेही पुष्कळदा वधूचे ते मागणे कोणाच्या कानी पडत नाही. कारण त्या वेळी ध्वनिक्षेपकावर पाहुण्यांच्या स्वागताची नावे वाचली जात असतात.

यावर आमचे काही बंधू म्हणतील की, लग्नसराई हाच तर फुलांचा हंगाम. हार, गजरे, मुंडावळ्या यांवर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. मग साधेपणाचा उपदेश माळ्यानेच करावा काय? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. या स्मरणिकेची पानेसुद्धा मंगल कार्यालये, मंडपवाले आणि फुलांचे व्यापारी यांच्या जाहिरातींच्या आधाराने छापली जातात, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु जोतीरावांचे नावच मुळी फुलांवरून पडलेले आहे. त्यांचा राग फुलांवर नव्हता, आनंदावर नव्हता, कोणाच्या प्रामाणिक धंद्यावरही नव्हता. ते स्वतः धंदा करणारे होते. त्यांचा राग होता तो भीतीपोटी केलेल्या खर्चावर आणि न समजता दिलेल्या वचनावर. ज्यास परवडते त्याने हौसेने मांडव फुलांनी सजवावा. परंतु ज्यास परवडत नाही, त्याच्या साध्या लग्नालाही आपण तितक्याच संख्येने व तितक्याच आदराने जावे. साध्या लग्नाची प्रतिष्ठा वधूपित्याच्या धैर्यावर अवलंबून नसते. ती वऱ्हाडी मंडळींच्या वागण्यावर अवलंबून असते. ते वऱ्हाडी आपणच आहोत.

म्हणून आमची समाजबांधवांस नम्र विनंती आहे की, यंदा आपल्या घरी कार्य निघाले, तर याद्या करावयास बसण्यापूर्वी जोतीरावांची ती मंगलाष्टके वधूवरांनी एकत्र बसून एकवार वाचावीत, त्यांचा अर्थ समजून घ्यावा, आणि मांडवात ती स्वतःच्या तोंडाने म्हणावीत. तेवढा वेळ वाजंत्री थांबवावी, पाहुण्यांची नावे थांबवावी, आणि वधू काय मागते आहे ते सर्वांनी स्वस्थपणे ऐकावे. महात्म्यांच्या तसबिरीला घातलेला हार सायंकाळी सुकून जातो. वधूने मागितलेला आणि वराने सर्वांसमक्ष दिलेला हा शब्द मात्र जन्मभर टिकण्यासाठी आहे.